नववी-दहावीचं बीजगणित आणि एकाच वर्गातल्या अनेक पातळ्या: शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

राज्य मंडळाच्या शाळांत 'गणित भाग १' शिकवणाऱ्यांसाठी हे पान आहे. शिक्षकांच्या खोलीत, प्रशिक्षणात आणि पालकसभा संपल्यावर जिन्यात जे प्रश्न विचारले जातात, तेच इथे घेतले आहेत. उदाहरणांत चलांसाठी क्ष आणि य वापरले आहेत.

नववीत आलेल्या मुलांत खरंच इतका फरक असतो का?

असतो. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ते बरोबर करणारी मुलं ४३.३ टक्के निघाली. हा भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. तो न येणारा मुलगा आणि शिष्यवृत्तीची तयारी केलेली मुलगी एकाच बाकावर बसतात, आणि फळ्यावर दोघांसाठी एकच बहुपदी असते.

पूर्वी गणित झेपत नसलेल्यांसाठी 'सामान्य गणित' हा पर्याय होता. नवा अभ्यासक्रम आला आणि तो गेला. आता सगळ्यांना तोच पेपर आहे, त्यामुळे हा प्रश्न वर्गातच सोडवावा लागतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. मुलांमधला हा फरक बहुतेक वेळा बीजगणितातला नसतोच. तो त्याच्या खालच्या थरात असतो: ऋण संख्या, अपूर्णांक, कंस, पाढे. 'याला समीकरणं येत नाहीत' असं आपण म्हणतो, पण त्याची वही नीट पाहिली तर समीकरण बरोबर मांडलेलं असतं आणि घोटाळा उणे चारातून सहा वजा करताना झालेला असतो.

कोण कुठे आहे हे ओळखायचं कसं? घटक चाचणीचे गुण पुरेसे नाहीत का?

गुण पुरेसे नाहीत. वीसपैकी नऊ मिळवणाऱ्या दोन मुलांची दुखणी अगदी वेगळी असू शकतात. एकाला अपूर्णांक जमत नाहीत, दुसऱ्याला शाब्दिक उदाहरणाचं समीकरण करता येत नाही. दोघांना एकाच 'कच्च्या' गटात बसवलं तर दोघांचाही वेळ जातो.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एका तासिकेत होईल अशी दहा प्रश्नांची चाचणी घ्या. नमुना म्हणून हे प्रश्न: −४ − ६ किती; (−३) × (−५) किती; २/३ + १/४ किती; ३(क्ष − २) कंस सोडवा; ५क्ष − (२क्ष − ४) सोपं करा; २क्ष + ३य यापुढे सोपं होईल का; ३क्ष = १२ सोडवा; क्ष/४ = ५ सोडवा; क्ष = −३ असेल तर क्ष² किती; आणि 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने मोठी संख्या' बैजिक रूपात लिहा.

गुण देऊ नका. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळींत मुलांची नावं आणि उभ्या रकान्यांत प्रश्न घ्या, आणि उत्तर चुकलं असेल तर फक्त फुली न मारता चुकीचं उत्तरच त्या चौकोनात लिहा. मग कागद उभा वाचा. पहिल्या रकान्यात १० हे उत्तर पुन्हा पुन्हा दिसलं तर ती मुलं 'वजा वजा अधिक' हा गुणाकाराचा नियम बेरजेत लावताहेत. −२ दिसलं तर तो वेगळा गोंधळ आहे. २/३ + १/४ चं उत्तर ३/७ म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवला. पाचव्या प्रश्नात ३क्ष − ४ आलं तर कंसाबाहेरचं वजा फक्त पहिल्याच पदापर्यंत पोचलं. हा एक कागद पुढचे पाच-सहा महिने कामाला येतो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक कोणती?

माझ्या मते पक्षांतराची. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वर्गात म्हटलेलं वाक्य आहे: 'इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं.' हे वाक्य क्ष + ३ = १२ ला चालतं. मग पुढची ओळ येते, ३क्ष = १२, आणि मुलगा खाली लिहितो: क्ष = १२ − ३, म्हणून क्ष = ९. दुसरा एक जण भागाकार करायचा हे लक्षात ठेवतो, पण चिन्हही बदलतो: क्ष = १२ ÷ (−३), म्हणून क्ष = −४. दोघांनीही आपण सांगितलेला नियम इमानदारीने पाळलेला आहे! निष्काळजीपणा म्हणून लाल शेरा मारण्यासारखी ही चूक नाही.

इथे पातळीनुसार शिकवणं म्हणजे काय ते नेमकं दिसतं. ज्यांना पक्षांतराचा अर्थ कळला आहे त्यांना एका ओळीत उडी मारू द्या. ज्यांच्या चाचणीत वरची उत्तरं आली त्यांच्याकडून काही दिवस पक्षांतर बंद करा. त्यांनी प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना काय केलं ते शब्दांत लिहायचं: 'दोन्ही बाजूंना ३ ने भागून'. आणि उत्तर आलं की किंमत परत मूळ समीकरणात घालायची. क्ष = ९ घातलं की डावी बाजू २७, उजवी १२. ताळा जुळला नाही हे मुलाला स्वतःला दिसतं, सरांना विचारायला यावं लागत नाही. ताळ्याची सवय लागली की दुरुस्तीचं अर्धं काम मुलं आपली आपण करतात.

म्हणजे तीन गट करायचे आणि तीन वेगळे पाठ घ्यायचे का?

नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्यांनी साठ मुलांचा वर्ग बऱ्याच वर्षांत पाहिलेला नसावा. पाठ एक, प्रसंग एक. कुठवर जायचं आणि किती आधार द्यायचा ते वेगवेगळं.

दहावीच्या पहिल्या प्रकरणातलं एक उदाहरण घेऊ. फळ्यावर कँटीनची दोन बिलं लिहा. २ वडापाव आणि ३ चहा: ७० रुपये. ३ वडापाव आणि २ चहा: ८० रुपये. प्रश्न लिहूच नका. दोन मिनिटं मुलांना नुसतं बघू द्या.

ज्याला समीकरणाची भीती वाटते तो तक्ता करेल: वडापाव १५ धरला तर पहिल्या बिलात चहाला ४० उरतात, तिघांत ते नीट वाटले जात नाहीत, २० धरला तर ३० उरतात, चहा १०. दुसऱ्या बिलात घालून पाहिलं, ६० आणि २०, जमलं. हे गणितच आहे, त्याला 'अंदाजपंचे' म्हणून हिणवू नका. मधली मुलं २क्ष + ३य = ७० आणि ३क्ष + २य = ८० लिहून सहगुणक समान करतील. काहींच्या लक्षात येईल की दोन्ही बिलांत आकडे उलटसुलट आहेत: बेरीज केली की ५क्ष + ५य = १५०, म्हणजे क्ष + य = ३०; वजाबाकी केली की क्ष − य = १०. दोन ओळींत संपलं.

ज्यांचं झालं त्यांच्यापुढे तिसरं बिल ठेवा: ४ वडापाव आणि ६ चहा, १४० रुपये. यातून नवीन काय कळलं? काहीच नाही, पहिल्याच बिलाची ही दुप्पट आहे. मग तेच बिल १५० रुपयांचं करा. आता? कँटीनवाल्याने कुठेतरी चूक केली. आलेखावर या दोन समांतर रेषा आहेत, आणि हे शोधायला पुढच्या इयत्तेचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यांची मिळून. तक्तेवाल्या मुलाला आधी बोलवा, बेरीज-वजाबाकीवालीला नंतर. क्रम उलटा केला तर पहिला मुलगा तोंड उघडत नाही.

कच्च्या मुलांसाठी वेगळं साहित्य आणायचं कुठून?

बालभारतीच्या पुस्तकातच आहे. रिकाम्या चौकटी भरून 'कृती पूर्ण करा' असे जे प्रश्न असतात, ते आपण परीक्षेपुरते पाहतो. खरं तर ते तयार आधार आहेत. एखादं पूर्ण सोडवलेलं उदाहरण, मग त्याच धर्तीचं शेवटची एक पायरी गाळलेलं, मग दोन-तीन पायऱ्या गाळलेलं, मग कोरं, अशी चार उदाहरणांची उतरंड कुठल्याही सरावसंचातून अर्ध्या तासात तयार होते.

सोडवून दाखवलेली उदाहरणं नवशिक्याला नुसत्या सरावापेक्षा जास्त उपयोगी पडतात हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच प्रयोग करून दाखवलं. नंतरच्या संशोधनाने त्याला एक पुस्ती जोडली: ज्याला विषय येऊ लागला आहे त्याला तोच आधार अडचणीचा होतो. म्हणून चौकटींचा कागद सगळ्या वर्गाला सरसकट वाटू नये, आणि ज्याला दिला त्याच्याकडून तो वेळेवर काढूनही घ्यावा. मार्चपर्यंत चौकटीच भरणारा मुलगा चौकटी भरायलाच शिकतो.

पाढे येत नाहीत. वर्गसमीकरणाचे अवयव कसे पाडणार?

पाढ्यांचा तक्ता बाकावर ठेवू द्या. त्या तासिकेत आपल्याला मधलं पद फोडणं शिकवायचं आहे, पाढे नव्हे. पाढ्यांचं काम रोज पाच मिनिटं वेगळं चालू ठेवा, पण त्यासाठी वर्गसमीकरण अडवून धरू नका.

इथेही एकच प्रश्न सगळ्यांना पुरतो. फळ्यावर क्ष² + □क्ष + २४ लिहा. चौकटीत कोणकोणत्या पूर्णांक संख्या घातल्या तर अवयव पडतील? तक्ता बघून मूल २४ च्या जोड्या शोधतं: १ आणि २४, २ आणि १२, ३ आणि ८, ४ आणि ६. बेरजा २५, १४, ११, १०. ज्याला एवढं जमलं त्याने चार अवयव पाडण्याचा सराव करून टाकला, तोही न कंटाळता. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, 'बाई, दोन्ही वजा चालतील?' मग आठ उत्तरं होतात. त्यापुढचं काम: शेवटचं पद −२४ केलं तर? आणि त्यांचंही झालं तर ६क्ष² − क्ष − २ द्या. तिथे जोडी −४ आणि ३ ची लागते आणि अवयव (३क्ष − २)(२क्ष + १) येतात. क्ष² चा सहगुणक १ नसला की बरीच 'हुशार' मंडळी अडखळतात, हेही लगेच दिसतं.

ज्यांचं लवकर होतं त्यांना पुढचा धडा द्यावा का?

शक्यतो नाही. क्लासमध्ये त्यांचा पुढचा धडा बहुधा झालेलाच असतो, आणि तोच त्यांच्या कंटाळ्याचा उगम आहे. त्याच धड्यात खोल न्या. 'मुळं ५ आणि −२ असलेलं वर्गसमीकरण बनव' हे साधं. 'अशी किती समीकरणं असतील?' हे कमी साधं. 'विवेचक शून्य येईल असं समीकरण बनव आणि मग एकच आकडा बदलून वास्तव मुळं नसलेलं कर' हे आणखी वरचं. अंकगणिती श्रेढीत तर अशा प्रश्नांची खाणच आहे.

आणि त्यांना कायमचं शिकवणीला बसवू नका. एखाद्या वेळी शेजाऱ्याला समजावणं दोघांच्याही फायद्याचं. पण रोज 'तुझं झालं ना, मग याला शिकव' म्हणजे त्या मुलीचा वर्गातला वेळ आपण फुकट वापरला.

मग हुशार, मध्यम, कच्चे अशा तुकड्याच का लावू नयेत?

सोयीचं आहे हे मान्य. पण तुकडी जूनमध्ये लागते आणि वर्षभर बदलत नाही, तर मुलाची पातळी धड्यागणिक बदलते. अवयवांत अडणारा मुलगा अर्थनियोजनाच्या धड्यात, घरचं दुकान असेल तर, पहिला येतो. शिवाय 'क' तुकडीला कोण शिकवणार हेही बघा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला असतात.

गट करायचे तर दुखण्यापुरते करा. 'ऋण संख्यांचा गट' तीन दिवस, मग तो मोडला. 'कंसाचा गट' पुढच्या आठवड्यात, त्यात दुसरीच मुलं. गटाला नाव द्यायचंच तर कामाचं द्या. गुलाब-मोगरा ठेवलं तरी कोणता गट कशाचा हे मुलं पहिल्याच दिवशी ओळखतात.

साठ मुलं, पस्तीस मिनिटं. हे होतं तरी का?

रोज होत नाही. आठवड्यातून दोन तासिका ठरवा, बाकीच्या नेहमीसारख्या घ्या.

त्या दोन तासिकांत पाटी फार कामाची. सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरायचं. साठ वह्या तपासायला जो वेळ लागतो त्याच्या ऐवजी वीस सेकंदांत कळतं की मागच्या दोन रांगा ३क्ष − ४ वर अडकल्या आहेत. पाटी नसेल तर प्लॅस्टिकच्या पारदर्शक फाइलमध्ये कोरा कागद आणि पुसता येणारं पेन. तास संपताना एकच उदाहरण चिठ्ठीवर सोडवून घ्या. घरी जाऊन चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: आलं, थोडं राहिलं, नाही आलं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या बाकाशेजारी उभं राहायचं ते त्यावरून ठरतं.

परीक्षा सगळ्यांना एकच. मग वेगवेगळं शिकवून उपयोग काय?

दहावीचा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तो नीट वाचला तर त्यातच पायऱ्या आहेत. पहिल्या प्रश्नात बहुपर्यायी ४ गुण आणि एकेका गुणाचे ४ प्रश्न. दुसऱ्यात कृतींचे ४ गुण आणि सोडवायच्या उदाहरणांचे ८ गुण. तिसऱ्यात कृतीचे ३ गुण आणि इतर उदाहरणांचे ६. चौथा ८ गुणांचा, पाचवा ३ गुणांचा. म्हणजे चौकटींच्या कृतींनाच ७ गुण आहेत, तर शेवटच्या दोन प्रश्नांना ११. तयारीचं नियोजन करताना कोणाला कुठवर न्यायचं याचा अंदाज इथे मिळतो.

काठावरच्या मुलांसाठी संभाव्यता आणि सांख्यिकी ही चांगली प्रवेशद्वारं आहेत. एक नाणं किंवा फासा घेऊन नमुना अवकाश लिहिता येतो, मागचं फारसं काही लागत नाही. अर्थनियोजन सोपं समजलं जातं, पण शेकडेवारी कच्ची असेल तर जीएसटीची उदाहरणं तिथेच बसतात. मात्र 'तू दोनच धडे कर' असं कुणालाही ऑक्टोबरमध्ये सांगू नका. फेब्रुवारीत वेळच उरला नाही तर गोष्ट वेगळी.

सेमी इंग्रजीच्या वर्गात काय वेगळं करावं?

आधी भाषा आणि गणित वेगळं काढा. मराठीत 'क्रमागत सम संख्या' म्हटलं की उदाहरण सोडवणारा मुलगा इंग्रजी वाक्यात अडकून बसतो आणि आपण त्याला गणितात कच्चा ठरवतो. शाब्दिक उदाहरण आधी मराठीत सांगायला लावा, समीकरण मांडून घ्या, मग इंग्रजी वाक्याकडे परत या. प्रत्येक धड्याचे दहा-बारा शब्द दोन्ही भाषांत भिंतीवर लावले की पुष्कळ काम होतं. चर्चा मराठीत झाली म्हणून काही बिघडत नाही. पेपर इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा करून घ्यावा.

जादा तास घ्यावेत की सेतू अभ्यास?

दोन्हींचा उपयोग ते नेहमीच्या तासाला किती जोडलेले आहेत त्यावर ठरतो. २०२१ मध्ये राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला. तो मागच्या इयत्तांच्या उजळणीसाठी होता आणि त्या वेळी त्याची गरजच होती. पण ऋण संख्या जूनमध्ये एकदा 'करून टाकल्या' आणि ऑक्टोबरमध्ये वर्गसमीकरणात पुन्हा लागल्या, तर मधल्या काळात त्या विसरल्या गेलेल्या असतात. उजळणी ज्या आठवड्यात लागणार त्याच्या आदल्या आठवड्यात करावी.

शिकागोच्या सरकारी शाळांनी २००३ पासून आठवीच्या चाचणीत मागे पडलेल्या मुलांना नववीत बीजगणिताच्या दुप्पट तासिका दिल्या. पुढे त्या मुलांमध्ये शाळा पूर्ण करण्याचं आणि कॉलेजला जाण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. तिथे जादा तासिका वेळापत्रकातच होती, नेहमीच्या तासिकेला जोडलेली. आपल्याकडे जादा तास म्हणजे शाळा सुटल्यावर, एसटी चुकवून. ज्यांना गरज असते तीच मुलं लांबून येतात, त्यामुळे शक्य असेल तर शून्य तासिका किंवा एखादी ऑफ तासिका वापरा.

काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून. त्याप्रमाणे गट करावेत का?

करू नका. अशा 'शैली' ओळखून शिकवल्याने जास्त येतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आकृती, तक्ता, आलेख, सूत्र ही चारही रूपं सगळ्यांनाच लागतात.

गृहपाठ वेगवेगळा दिला तर पालक भांडतात. काय सांगावं?

गृहपाठ एकच द्या, निवड मुलावर सोडा. सरावसंचातली पहिली तीन उदाहरणं सगळ्यांना. पुढे 'डावीकडची चार किंवा उजवीकडची दोन'. उजवीकडची अवघड. कमी संख्येचं आमिष असल्यामुळे बरीच मुलं अवघडाकडे स्वतःहून जातात, आणि झेपलं नाही तर परत डावीकडे येतात. पालकांना दोन्ही बाजूंचा कागद दाखवता येतो, लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

सगळं करूनही एखाद्याला संख्याच कळत नसतील तर?

आठवड्यांमागून आठवडे गेले तरी आकडे उलटे लिहिणं, लहान-मोठी संख्या न ओळखणं, बोटांशिवाय एक अंकी बेरीजही न होणं असं दिसत असेल तर तो आळस समजू नका. गणितातली अध्ययन अक्षमता असू शकते आणि तिचं निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं. अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या डिसेंबरची वाट न पाहता नववीतच पालकांशी बोला आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.